‘देवाची मर्जी’ म्हणायचं, पण कुणी आणि केव्हा?

मैत्रिणींनो, दुःखाच्या घरी भेटायला गेल्यावर आपण काय बोलतो? दारात चपला काढताना मनातल्या मनात शब्द जुळवत असतो, पण आत जाऊन बसल्यावर तोंडातून बाहेर पडतं ते ठरलेलंच. “काय करणार, देवाची मर्जी!” मीही कितीतरी घरी हे बोलून आले आहे. बोलताना आपण काहीतरी धीर दिला, असंही मला वाटत असे.

सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्या घरी आलं आणि मला ते दगडासारखं लागलं.

माझी दुसरी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. वजन साडेनऊशे ग्रॅम. फुप्फुसं पुरती तयार झालेली नव्हती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मी बाहेरून बघत होते. पाचव्या दिवशी सासूबाईंनी घरी पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, ही आपल्याकडची समजूत तुम्हाला माहीतच आहे. बाळ दवाखान्यात, पूजा घरी. मी शिकलेली असूनही त्या रात्री मनात म्हटलं, “बाई गं, नीट लिही.”

नवव्या दिवशी पहाटे ती गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नावही नव्हतं.

मग माणसं येऊ लागली. “तुम्ही तरुण आहात, अजून होईल.” “अपुऱ्या दिवसांचं होतं, जगून तरी काय हाल झाले असते.” एका लांबच्या नातेवाईक बाईंनी तर “मुलगीच होती ना?” असं विचारून सुस्कारा टाकला. आणि जाता जाता प्रत्येकजण म्हणे, “देवाची मर्जी!” सासूबाईही तेच म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाठ फिरवून झोपले. त्यानंतर तीन महिने मी देवघरात पाऊल टाकलं नाही. समई त्याच लावत होत्या.

वहीच्या मागच्या पानांवर

आमच्याकडे घरखर्चाची वही असते. पुढच्या पानांवर दूध, वाणी, इस्त्रीवाला, शाळेची फी. त्या वहीच्या मागच्या पानापासून मी एक वेगळाच हिशेब लिहायला घेतला. कुणाला न सांगता, रात्री सगळे झोपल्यावर.

एक, मावसबहिणीच्या लग्नाला एस.टी.नं गेले. दोन, दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरचे डबे मीच काढले. तीन, शाळेचा जिना दिवसातून चारदा चढले. चार, पपईची फोड खाल्ली. अशी अकरा कलमं झाली. शेवटचं कलम सगळ्यांत जड होतं. त्या आठवड्यात माझी कंबर राहून राहून दुखत होती आणि पोट मधेच घट्ट होत होतं. परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून मी दोन दिवस कुणाला बोलले नाही.

डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, “जिन्यानं किंवा पिकल्या पपईच्या फोडीनं असं होत नाही. दिवस भरायच्या आधी प्रसूती का होते, याचं नेमकं कारण पुष्कळदा आमच्याही हाती लागत नाही.” मी दोन दिवसांचं विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “लवकर आला असतात तर बाळाची फुप्फुसं पक्की व्हावी म्हणून तुम्हाला इंजेक्शनं देता आली असती. त्यानं ती वाचली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही.”

खरं बोलल्या बिचाऱ्या. पण घरी येऊन मी दहा कलमं खोडली आणि अकराव्याखाली दोन रेघा ओढल्या.

सिस्टरांनी सांगितलेली गोष्ट

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात एक सिस्टर राहतात. दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, धर्मानं ख्रिस्ती. त्या भेटायला आल्या तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. डब्यात मऊ भात आणि मेथीची भाजी घेऊन आल्या, माझ्या थोरलीची वेणी घातली आणि अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या. असं आठ-दहा दिवस चाललं. शेवटी मीच विचारलं, “सिस्टर, तुम्ही कशा मला देवाची मर्जी सांगत नाही?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “वहिनी, आमच्या बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. ती वाचल्यापासून मला भीती वाटते बोलायची.”

मग त्यांनी ती सांगितली. ईयोब हा देवभीरू, सालस माणूस. सात मुलगे, तीन मुली, हजारोंनी मेंढरं आणि उंट. एका दिवसात सगळं गेलं. सोसाट्याच्या वाऱ्यानं घर कोसळलं आणि दहाही मुलं त्याखाली गेली. पुढे त्याच्या सर्वांगाला फोड आले आणि तो राखेत बसून खापरीनं अंग खाजवू लागला. त्याचे तीन मित्र भेटायला आले. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्दही न बोलता.

“तिथवर त्यांचं ठीक होतं,” सिस्टर म्हणाल्या. “तोंड उघडलं आणि बिघडलं. म्हणायला लागले, देव न्यायी आहे, त्या अर्थी तूच काहीतरी पाप केलं असशील. ईयोब ते मान्य करीना. तो देवालाच हाका मारून विचारत राहिला, का म्हणून? आणि शेवटी देव वादळातून बोलला. पण कारण सांगितलंच नाही त्यानं!”

“मग काय सांगितलं?”

“उलट त्यालाच विचारलं. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानातल्या डोंगरी शेळ्या केव्हा वितात, तुला ठाऊक आहे का? त्यांचे महिने तू मोजतोस का?”

ते शेवटचं ऐकलं आणि माझ्या घशात आवंढा आला. रानातल्या शेळीचेही महिने कुणीतरी मोजतं. मग माझे? मला राग यावा की धीर यावा, हेच कळेना.

सिस्टर उठता उठता म्हणाल्या, “आणखी एक. देव शेवटी रागावला तो त्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणाला, हा माझ्याविषयी बरोबर बोलला. पुढे ईयोबाला पुन्हा दहा मुलं झाली म्हणतात. पण आधीची दहा परत आली, असं कुठे लिहिलेलं नाही हो.”

“अजून होईल” म्हणणाऱ्यांना द्यायला मला तेव्हा उत्तर सापडलं.

वर्गातला प्रश्न

मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. रजेवरून परतले त्या सुमारास नववीत संतांविषयी शिकवायचं होतं. तुकोबांचं चरित्र सांगत होते. देहूचं खातंपितं घर, वडील बोल्होबांचा व्यापार, मग आईवडिलांचा मृत्यू. त्यानंतर 1630 चा तो भयंकर दुष्काळ. व्यापार बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको रखमाबाई अन्न-अन्न करीत गेली, मुलगाही गेला. मी हे दर वर्षी सांगते, फळ्यावर मुद्दे लिहिते. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. “बाई, त्यांना देवाचा राग नाही आला?”

मला उत्तर देता आलं नाही. “उद्या सांगते” म्हटलं आणि घरी येऊन कपाटातली गाथा काढली. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली. सुमारे साडेचार हजार अभंगांचा तो ग्रंथ तोवर मी परीक्षेपुरताच उघडला होता.

मैत्रिणींनो, त्यात काय सापडावं? देवाशी चक्क भांडण! विठोबाला बोल लावलेले, त्याला कठोर म्हटलेलं, त्याच्याशी अबोला धरलेला. दुष्काळात बायको गेली त्याची लाज वाटली, दुःखानं जीव कष्टी झाला, हेही त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. ह्याच संकटांबद्दल देवाचे आभार मानणारा अभंगही आहे. तो आपण सगळ्या कीर्तनांतून ऐकतो. पण मधली वाट आपल्याला कुणी सांगत नाही. माणसं गेल्यावर तुकोबा दुसऱ्याच दिवशी ‘बरं झालं’ म्हणत उठले नाहीत. आधी ते सुन्न झाले. देहूजवळच्या डोंगरांवर एकटे जाऊन बसू लागले. मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ त्यांनी दुरुस्त करायला घेतलं. दुःखात असलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी काम लागतं, हे आपण बायका चांगलं जाणतो.

आणि ती खतांची गोष्ट. सावकारीची कर्जखतं होती. निम्मी त्यांनी धाकट्या भावाच्या वाट्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असं चरित्रकार सांगतात. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला त्याग म्हणून ठाऊक होती. त्या रात्री मला ती वेगळीच वाटली. जो हिशेब कधीच पुरा होणार नव्हता, तो त्या माणसानं हातातून सोडला.

माझी वही उशीखालीच होती. पण ती सोडायचं काही मला जमेना.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला सांगितलं, “हो, राग आला होता. त्यांनी तो देवालाच सांगितला.” ती पटकन खाली बसली. नंतर कळलं, तिचे वडील त्याच वर्षी गेले होते.

सासूबाईंचा हंडा

पुढे एकदा दूधवाला हिशेबाला आला. मी शाळेत होते. सासूबाईंनी वही काढली आणि ती नेमकी मागच्या बाजूनं उघडली गेली. संध्याकाळी मी आले तर त्या स्वयंपाकघरात वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

“हे किती दिवस लिहितेस?” त्यांनी विचारलं.

मी काही बोलले नाही.

“माझाही एक गेला,” त्या म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्याच्या आधीचा. वीस दिवसांचा होऊन. तुला कुणी सांगितलं नसेल. त्याला माहीत नाही धड.”

लग्नाला बारा वर्षं झाली होती माझ्या. मला हे खरोखरच ठाऊक नव्हतं.

“सातव्या-आठव्यात मी विहिरीवरनं दोन-दोन हंडे आणत होते. नाही कसं म्हणणार? सासू होती, दीर होते. तो गेला आणि मी धरून बसले, त्या हंड्यानंच गेला. कितीतरी वर्षं, बाई. पाणी भरताना रोज आठवायचं. मग तुझ्या आजेसासूनं एकदा मला रडताना पाहिलं. म्हणाली, ‘अगं, जीव घालणारा तो, नेणारा तो. तुझ्या हंड्याची एवढी सत्ता आहे होय?’ त्या दिवशी माझा हंडा खाली ठेवला गेला बघ.”

मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “तुला देवाची मर्जी म्हटलं ते म्हणून म्हटलं. माझ्याकडे तेवढंच होतं द्यायला. पण लवकर दिलं वाटतं मी.”

आम्ही दोघी त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र रडलो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भाताची पार खीर झाली.

तेव्हापासून ‘ईश्वरी सत्ता’ हा जड शब्द मला कळू लागला, असं म्हणते. तो असा. मी दोन दिवस हयगय केली, हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही. देवापुढे ते मी बोलले आणि त्याची क्षमाही मागितली. पण माझ्या लेकीचं सगळं आयुष्य त्या दोन दिवसांच्या हाती नव्हतं. तिचा धनी माझ्याहून, डॉक्टरांहून मोठा होता. ती का आली, का गेली, ह्याचं कारण त्यानं मला सांगितलेलं नाही. ईयोबालाही सांगितलं नव्हतं. पण कारण माझ्याजवळ नसलं तरी ते कुणाजवळ तरी आहे, जग कुणाच्या तरी हातात आहे आणि तो हात माझा नाही, एवढ्यानं मला रात्री झोप लागू लागली. घर चालवणाऱ्या बाईला सगळं आपल्याच अंगावर घ्यायची सवय असते. दूध उतू गेलं तर माझं चुकलं, पोराला ताप आला तर माझं चुकलं! निदान जन्ममरणाची किल्ली तरी आपल्या कमरेला नाही, हे कळणं फार मोठा विसावा आहे.

हे वाक्य कुठे वापरू नये?

तरीही मैत्रिणींनो, हे शब्द जपून वापरावे लागतात. माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली. दुसऱ्याच्या ताज्या दुःखावर ‘देवाची मर्जी’ ठेवू नका. ते ज्याचं त्यानं, आपल्या वेळेला म्हणायचं असतं. भेटायला जाल तेव्हा पोळी-भाजीचा डबा न्या, मुलांना दोन तास आपल्या घरी आणा, भांडी पडली असतील तर घासा. गेलेल्या जिवाचं नाव घ्या. नाव नसेल तर “बाळ कुणासारखं दिसत होतं?” एवढं विचारा. मला ते एकट्या सिस्टरांनी विचारलं. मी सांगितलं, “हनुवटी ह्यांच्यासारखी होती.” आजवर मला त्याहून गोड प्रश्न कुणी विचारलेला नाही.

दुसरी. जे आपल्याला करता येण्यासारखं आहे, तिथे देवाला पुढे करू नका. पोटात असताना सातव्या-आठव्या महिन्यात कंबर कळा आल्यासारखी थांबून थांबून दुखली, पोट वरचेवर घट्ट झालं, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पेपर, पाहुणे, सण, सगळं राहू द्या. तसंच नवरा हात उगारत असेल तर ती देवाची मर्जी नव्हे. तो अन्याय आहे, माहेरी, पोलिसांत, जिथे सांगता येईल तिथे सांगा. जन्ममरण देवाच्या हाती असलं, तरी आपल्याला हातपाय त्यानंच दिलेले आहेत.

तिसरी. भांडण आलं तर देवाशी भांडा. गाथा उघडून बघा, मोठमोठे भांडले आहेत. देवघराकडे पाठ करून मी तीन महिने काढले, त्यापेक्षा समोर बसून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

चौथी. दिवसचे दिवस झोप नाही, अन्न जात नाही, जीव नकोसा वाटतो, असं होत असेल तर ती भक्तीची उणीव समजू नका. बाळंतपणानंतर आणि दुःखानंतर असा आजार होतो आणि त्याला औषध असतं. डॉक्टरांना न लाजता सांगा. सासूबाईंच्या काळी हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी हंडा इतकी वर्षं उचलून धरला.

आता सगळं छान झालं, असं मात्र समजू नका. शेजारी बारशाचं बोलावणं आलं की अजून पोटात कालवतं. ते अकरावं कलमही कधी कधी रात्री डोकं वर काढतं. मग मी उठते, पाणी पिते आणि देवघरापुढे जाऊन एवढंच म्हणते, “तुझं तू बघ.” कधी ते भक्तीनं म्हटलं जातं, कधी त्राग्यानं. दोन्ही त्याला चालत असावं.

वहीची ती पानं आम्ही फाडली. तिची तारीख आली की आता दर वर्षी सासूबाई साखरभात करतात. गेल्या वर्षी ताटं वाढता वाढता त्यांनी विचारलं, “तिचं नाव काय ठेवणार होतीस गं?” मी सांगितलं. थोडा वेळ गप्प बसून त्यांनीही एक नाव सांगितलं. चाळीसहून जास्त वर्षं ते नाव त्यांनी कुणाजवळ उच्चारलं नव्हतं.

ती दोन नावं मी इथे लिहीत नाही. ती आम्हा दोघींना ठाऊक आहेत आणि ज्यानं नेली त्याला.